वेणूबाईंची वाटी

ठाण्यात टेंभीवर हरिहरपंतांच्या घरी त्या मार्गशीर्षात दोन बाळंतपणं एकदम आली. एक म्हशीचं आणि एक सुनेचं. दोन्हींची काळजी घ्यायला हवी होती, आणि पंतांनी ती रीतसर वाटून टाकली होती. म्हशीची त्यांनी स्वतःकडे घेतली आणि सुनेची देवावर सोपवली.

साल अठराशे शहाऐंशी. पंत कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते आणि हाताशी आता कारकून उरले नसल्यामुळे व्याख्यानं देऊ लागले होते. दिवाळीनंतर वाचनालयात त्यांनी 'आपली मुले अशक्त का?' या विषयावर सव्वा तास भाषण केलं. मुलं अशक्त आहेत कारण लोक सकस खात नाहीत, असा त्याचा मथितार्थ. टाळ्या पडल्या. त्याच वेळी घरात त्यांची सून सुमती, आठवा महिना, दीड मूद भातावर दुपार काढत होती. गरोदर बाईनं पोटभर खाल्लं तर मूल मोठं होतं आणि वाटेत अडतं, हे सासूबाईंचं, म्हणजे वेणूबाईंचं, ठाम मत होतं. म्हैस अडायची भीती मात्र कुणाला वाटत नव्हती. चंपेला दोन्ही वेळा सरकी, पेंड आणि वर शिजवलेल्या बाजरीचं गूळ घातलेलं आंबोण. ते आंबोण गोठ्यात नेऊन ठेवायचं काम सुमतीकडे होतं. एकदा वाटेत तिनं त्यातला मूठभर गूळ काढून तोंडात टाकला. दुसऱ्या दिवशी दोन मुठी टाकल्या. चंपेनं कधी चहाडी केली नाही. त्या घरात तेवढी एकच होती जी करत नसे.

सुमतीचं हे तिसरं. पहिले दोन्ही मुलगे झाले आणि दोन्ही गेले. एक आठव्या दिवशी, एक सहाव्या. दोघेही जन्मले तेव्हा चांगले रडले होते, मग रडणं बारीक होत गेलं, ओठ सुकले आणि मग ते रडेनासेच झाले. दुसऱ्याच्या वेळी वेणूबाईंनी सुतक फिटायच्या आत कल्याणच्या एका मुलीची चौकशी केली होती. सुमतीचा नवरा त्र्यंबक कल्याणलाच रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होता, तेव्हा मुलगी बघायला वेगळा फेरा पडणार नव्हता. या खेपेला काही कमीजास्त झालं तर माघात बार उडवायचा, हे घरात ठरूनच गेलं होतं. त्र्यंबकाला विचारलं असता तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं." हे तो दोन्ही लग्नांबद्दल म्हणाला असता, आणि हवापाण्याबद्दलही.

आता वाटीबद्दल सांगायला हवं, कारण त्या आळीत सगळं तिच्याभोवती फिरत होतं.

बाळंतिणीचं पहिलं दूध वाईट, नासकं, पिवळं. ते तीन दिवस पिळून टाकायचं आणि चौथ्या दिवशी मूल अंगाला लावायचं, ही रीत घरोघर होती. तोवर मुलाला मध, गुळाचं पाणी आणि पोट साफ व्हायला एरंडेल, कापसाच्या बोळ्यानं. पण दूध टाकायचं कशात, याचा बडेजाव फक्त हरिहरपंतांच्या घरी होता. वेणूबाईंकडे त्यासाठी खास चांदीची वाटी होती, काठावर वेलबुट्टी काढलेली. दूध फेकून द्यायला चांदीची वाटी! आळीतल्या कुणाच्याही घरी बाळंतपण आलं की ती वाटी मागून नेत, कारण ती लाभाची म्हणून तिचा लौकिक होता. लाभ कसला, तर वेणूबाईंचा मुलगा धडधाकट वाढून कारकून झाला, हा. वेणूबाईंना झाली चार. जगला हा एक, आणि तोही आजोळी टिटवाळ्याला जन्मला होता. पण लौकिकाला कुणी हिशेब विचारत नाही.

सुमती सोमवारी पहाटे बाळंत झाली. मुलगा. पंतांनी पंचांग उघडलं, नक्षत्र पाहिलं, "उत्तम" म्हणाले आणि गोठ्यात गेले, कारण चंपाही तासातासाला उठबस करत होती.

बाळंतिणीची खोली घराच्या अगदी मागे, गोठ्याला लागून. मधे एकच भिंत आणि तिच्यात हात जाईल एवढी जाळी. जन्माचं सोयेर असल्यानं खोलीत सुईणीशिवाय कुणी शिरायचं नाही. सुईण सकाळी येऊन तेलपाणी करून जाई. वेणूबाई सोवळ्यात उंबऱ्याबाहेर उभ्या राहून हुकूम सोडत.

"पाणी मागू नकोस. बाळंतपणात पाणी प्यालं की पोट सुटतं."

"हो."

"वाटी भरलीस?"

सुमतीनं वाटी पुढे सरकवली. तळाशी चमचाभर, दाट, पिवळं. वेणूबाईंनी लांबूनच मान वाकडी करून पाहिलं आणि नाकाला पदर लावला.

"अगंबाई, कसं तार धरतंय बघ! हे पोटात गेलं तर पोराची आतडी चिकटायची. दे त्या खिडकीबाहेर, शेवग्याच्या मुळाशी."

खिडकीबाहेर शेवगा होता. आळीत त्याच्याइतका फोफावलेला शेवगा दुसरा नव्हता. सुमतीनं वाटी रिकामी केली. पहिल्या दोघांच्या वेळीही तिनंच केली होती, याच खिडकीतून.

सोमवारभर मूल रडलं. बोळ्यातला मध चाटे, तोंड वेडंवाकडं करून पुन्हा रडे. एरंडेलानं त्याचं पोट असं साफ झालं की आत काही उरलंच नाही. मंगळवारी सकाळी त्याचं रडणं बारीक झालं. सुमतीला तो आवाज ओळखीचा होता. तिनं ओठांवरून बोट फिरवलं. कोरडे. तिची छाती ठणकत होती, चोळी भिजत होती आणि मांडीवर मूल उपाशी होतं. आणि या सगळ्याला शास्त्र म्हणत होते.

तेवढ्यात भिंतीपलीकडे गडबड झाली. चंपा व्याली होती.

चंपेची देखभाल आणि धार काढायला खोपटहून हौसाबाई येई. आगरी बाई, घरच्या तीन म्हशी, तोंडाची फटकळ. तिला पंत गोठ्याच्या दारातून सांगत होते, आणि सुमतीला जाळीतून शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"हौसा, पहिली धार सगळी या चरवीत. थेंब वाया जाता कामा नये. पहिल्या धारेच्या चिकाचा खरवस म्हणजे काय चीज आहे तुला कळायचं नाही. त्यात सगळं बळ असतं. सगळं!"

"पंतानू, पयला पारडाला पाजू दे. मंग तुमची चरवी."

"पारडाला परवा पाज. दोन दिवस पेज घाल."

"पेज?" हौसाबाईचा आवाज चढला. "पयला चीक पारडाचे पोटान नाय गेला त पारडू जगाचा नाय! चार दिसांत टांगा वर. आनि पारडू मेला त म्हस पान्हा सोराची नाय. मंग बसा चरवी चाटत."

पान्ह्याची गोष्ट त्यांच्या वर्मी लागली. दोन क्षणांत त्यांनी माघार घेतली, पण मोठी माणसं घेतात तशी, पुढे चाल केल्यासारखी.

"अर्थात! मी तरी दुसरं काय म्हणतोय? सृष्टीचा नियमच आहे तो. आईचा पहिला चीक हा पिलाचा हक्क. तो त्याला ताबडतोब मिळाला पाहिजे, नाहीतर पिलू मरणारच. ईश्वरानं उगाच का तो आईच्या अंगात ठेवला? पाज, पाज. पोटभर पाज. आणि चंपेला गरम पाणी दे भरपूर, गूळ घालून. व्यालेली आहे ती."

भिंतीच्या अलीकडे सुमती ते ऐकत होती. घोट पाण्यासाठी तिची जीभ टाळूला चिकटली होती. जाळीतून तिला पारडू दिसत होतं, लटपटत उभं राहिलेलं, आईच्या पोटाखाली ढुशा देत. मग त्याला सापडलं आणि त्याची शेपटी हलू लागली.

सुमती काही शिकलेली नव्हती. पण बोळ्यानं दूध पिणारे म्हणतात ते, ज्यांनी उभ्या आयुष्यात कधी डोकं वापरलं नाही त्यांना; ती त्यांतली नव्हती. तिनं दाराकडे पाहिलं, दार लोटलेलं होतं. तिनं मूल उचललं आणि अंगाला लावलं. आधी त्याला काही समजेना. मग त्यानं असं ओढलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आतडी चिकटतील, तर चिकटोत, असं तिनं मनाशी म्हटलं, कोरडी होऊन मरण्यापेक्षा बरी. आणि हा गेला तर या वेळी मारणारी तीच ठरणार होती.

मूल गेलं नाही. झोपलं.

पण वाटी रिकामी होती, आणि तिसऱ्या प्रहरी वेणूबाई बघायला येणार होत्या. सुमतीनं जाळीशी तोंड नेलं.

"हौसाबाई."

"काय ग बाय?"

"मला वाटीभर चीक दे. चंपेचा."

हौसाबाईनं आत डोकावून पाहिलं. झोपलेलं पोर पाहिलं, भिजलेली चोळी पाहिली, रिकामी चांदीची वाटी पाहिली. चरवी तिरपी केली आणि म्हणाली, "जल्ला मेला तुमचा शास्तर. वाटी आन हिकरं."

तिसऱ्या प्रहरी वेणूबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. वाटी निम्म्याहून अधिक भरलेली. दाट, पिवळसर.

"शिव शिव शिव! एवढं?" त्यांनी डोळे मिटून घेतले. "या खेपेला दोष फार साठला होता बघ. तरीच पहिले दोघे टिकले नाहीत. मला तर बघवत नाही. वासच किती घाण येतोय! ओत, ओत लवकर."

सुमतीनं ओतलं.

त्याच संध्याकाळी चरवीतल्या उरलेल्या चिकाचा खरवस उकडला. गूळ, वेलदोडा, वर जायफळ. वेणूबाईंनी तीन वड्या खाल्ल्या आणि पानाला बोट लावून चाटलं. "पहिल्या चिकाची सर कशाला नाही," त्या म्हणाल्या. "वाससुद्धा कसा अमृतासारखा येतो." सुमतीला त्यातली वडी मिळाली नाही, कारण बाळंतिणीला खरवस वातूळ.

सोयेर असल्यानं घरचं अन्न बाहेर देता येईना, आणि व्याख्यानाच्या अध्यक्षांना खरवस पाठवायचं तर पंतांनी कबूल केलेलं. त्यांनी तोड काढली. सोयेर माणसांना असतं, म्हशीला नसतं; तेव्हा कच्चा चीक हौसाबाईनं परस्पर पोचवावा, त्याला बाध नाही. बुधवारी चीक पोचला, पण अध्यक्षांच्या वाट्याचं भांडं चार बोटं रितं. गुरुवारीही तसंच, कारण बाळंतिणीची वाटी रोज भरून शेवग्याला जात होती आणि वेणूबाई रोज नव्यानं शहारत होत्या. पंतांनी हौसाबाईला दारात उभं केलं.

"चीक कुठे जातो?"

हौसाबाईची नजर एकदा जाळीकडे गेली. "म्हशीला इचारा," ती म्हणाली.

"चोरी करतेस आणि वर तोंड करतेस? उद्यापासून येऊ नकोस. दुसरी बाई बघतो."

"मना चीक चोराची गरज? माझे घरान तीन म्हशी हायेत!" हौसाबाईनं चरवी आपटली. पण नाव घेतलं नाही. निघून गेली.

सुमतीनं ते ऐकलं आणि तोंडात पदर कोंबला. शरमेनं तिचा जीव अर्धा झाला. बोलावं तर पोर हातातून काढून घेतील, पुन्हा बोळा, पुन्हा एरंडेल. ती गप्प राहिली. स्वतःची किळस आली तिला, पण राहिली.

शुक्रवारी, जन्माचा दिवस सोडून चौथ्या दिवशी, वेणूबाईंनी मूल अंगाला लावायची परवानगी दिली. पोरानं असं सराईतासारखं तोंड लावलं की त्या उंबऱ्यातूनच कौतुकानं म्हणाल्या, "बघ, दोष गेल्यावर कसं पितं ते!" सहावा दिवस गेला. आठवा गेला. दहाव्या दिवशी पोराच्या हाताला वळ्या पडू लागल्या.

बाराव्या दिवशी बारसं झालं. आळीतल्या बायका माजघर भरून बसल्या, पंत ओटीवर दाराशी, सगळं ऐकू येईल अशा बेतानं. मुलाचं नाव सुधीर ठेवलं. श्रेय मात्र अजून ठेवायचं होतं, आणि त्याच्यासाठी रांग लागली. पंत म्हणाले, नक्षत्र. सुईण म्हणाली, आपलं तेल. वेणूबाईंनी सगळ्यांना हातानं थांबवलं.

"काही नाही. दूध पुरतं काढलं, म्हणून. पहिल्या दोघांच्या वेळी ही चमचा चमचा काढी, आळस. या खेपेला मी पाठीशी लागले. रोज वाटी भरून! डोळ्यांनी पाहिलंय मी. तीन दिवस नाही, आता माझं मत आहे की पाच दिवस काढावं."

बायकांनी माना हलवल्या. कोपऱ्यात शेजारची मंदाकिनी बसली होती. सोळा वर्षांची, नववा महिना भरत आलेला, पहिलटकरीण. तिची सासू वाटी मागायलाच आली होती. वेणूबाईंनी घासून लख्ख केलेली वाटी आणली, तिच्यात हळदकुंकू टाकलं आणि मंदाकिनीला पदर पसरायला सांगितलं.

"पाच दिवस हं. थेंब पोटात जाऊ देऊ नकोस पोराच्या."

"नाही देणार," मंदाकिनी म्हणाली, आणि तिनं पदर पसरला.

सुमती पाळण्याची दोरी धरून उभी होती. गप्प बसली तर सगळं बेस होतं. पोर जगलं होतं, कल्याणची मुलगी कल्याणलाच राहणार होती, सासू पहिल्यांदा चार बायकांत तिच्याबद्दल बरं बोलली होती. आणि मंदाकिनीचं पोर शेजारच्या घरात बारीक बारीक रडत जाणार होतं, पाच दिवस, सुधीरच्या नावाचा दाखला घेऊन. दोरी तिच्या हातातून सुटली.

"सासूबाई, तो चंपेचा चीक होता."

"कसला चीक?"

"वाटीतला. तुम्ही रोज पाहिलात तो. माझं दूध मी याला पाजलं, मंगळवारपासून. हौसाबाईनं काही चोरलं नाही. मी मागितलं म्हणून तिनं दिलं."

वेणूबाईंच्या तोंडाचा रंग उतरला.

"नासकं दूध पाजलंस? कुणाला विचारून?"

"मामंजींनी सांगितलं होतं," सुमती म्हणाली. शब्द एकही गळाला नाही. "गोठ्यात उभं राहून. आईचा पहिला चीक हा पिलाचा हक्क, तो ताबडतोब मिळाला नाही तर पिलू मरणारच. मी जाळीतून ऐकलं. पारडाला पाजला, ते जगलं. मी याला पाजला."

ओटीवरून घसा खाकरल्याचा आवाज आला. पंत क्षणभर गोंधळले. पण श्रेय असं आपल्या पायांनी दारात आलेलं त्यांना परत लावता येईना.

"तत्त्वतः," ते दारात येऊन म्हणाले, "मी व्याख्यानात हेच सूचित केलं होतं. आपली मुले अशक्त का, याचं मूळ..."

"तुम्ही गप्प बसा," वेणूबाई म्हणाल्या.

त्या घरात चाळीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. पंत खरोखरच गप्प बसले.

वेणूबाई कुणाकडेच बघत नव्हत्या. हातातल्या वाटीकडे बघत होत्या. मग माजघराच्या मागच्या दारातून दिसणाऱ्या शेवग्याकडे. त्यांच्याही बाळंतपणांची खोली तीच होती, त्या शेवग्यासमोरची.

"माझे तीन गेले," त्या म्हणाल्या. असं म्हणाल्या की जणू बायकांना ते ठाऊकच नव्हतं. "तिघं याच घरात झाले. त्र्यंबक तेवढा टिटवाळ्याला झाला, भावाच्या लग्नाच्या धांदलीत, महिनाभर आधीच. घरात पाहुणे, कुणाला सवड नाही. आईनं उचललं आणि माझ्या अंगावर टाकलं. म्हणाली, पाज आणि गप्प कर, मला कामं आहेत." त्यांनी वाटीच्या काठावरून अंगठा फिरवला. "तिथे वाटी नव्हती."

पाळण्यातलं पोर जागं झालं आणि भूक लागली म्हणून खणखणीत रडू लागलं. सुमतीनं त्याला उचललं, सगळ्यांदेखत तिथेच भिंतीशी पाठ टेकून बसली आणि पदराखाली घेतलं.

मंदाकिनीचा पदर अजून पसरलेलाच होता. तिची सासू व्यवहारी बाई. तिला उशीर होत होता.

"मग, वेणूबाई, वाटी देताय ना?"

वेणूबाईंनी वाटीतलं हळदकुंकू मंदाकिनीच्या पदरात झटकलं आणि वाटी स्वतःच्या ओच्यात खोचली.

"वाटी आता मिळायची नाही," त्या म्हणाल्या. "कुणालाच."